पाय सुजले म्हणून बीपीची गोळी बंद करायची का? अ‍ॅम्लोडिपिनबद्दल माहिती असायलाच हवं असं काही

संध्याकाळी मोजे काढताना घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "किडनीवर आलं वाटतं." त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर 'बीपीच्या गोळ्या किडनी खराब करतात' असा मेसेज फिरून गेलेला असतो. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद होते. दोन दिवसांनी बीपी मोजला तर तो ठीकच असतो. आठवडाभरात पायही उतरायला लागतात. मग सगळ्यांची खात्री पटते की गोळीची गरज नव्हतीच, उलट तीच त्रास देत होती.

अशी घरं कमी नाहीत. यातली एक गोष्ट खरी आहे: सूज गोळीमुळे आली असण्याची शक्यता बरीच आहे. पण ती किडनीची सूज नाही. आणि दोन दिवसांनी बीपी ठीक दिसला याचा अर्थ बीपी गेला असाही नाही. हे समजण्यासाठी अ‍ॅम्लोडिपिन शरीरात काय करतं आणि किती सावकाश करतं, हे पाहावं लागतं.

ही गोळी इतक्या लोकांना का दिली जाते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरच्या सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. एवढ्या लोकांसाठी गोळी स्वस्त हवी, दिवसातून एकदा घेण्याजोगी हवी आणि दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला लावणारी नको. अ‍ॅम्लोडिपिन या तिन्ही अटींत बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. या उपक्रमात अनेक राज्यांनी ठरवलेल्या उपचारपद्धतीत पहिली गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम हीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारी छोटी पांढरी गोळी बऱ्याचदा तीच असते.

औषध नवं नाही. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर त्याची मोठी परीक्षा झाली ती 'ऑलहॅट' नावाच्या अभ्यासात. त्यात ५५ वर्षांवरच्या ३३,३५७ रुग्णांना तीनपैकी एका प्रकारची बीपीची गोळी देऊन त्यांच्यावर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं होतं. डिसेंबर २००२ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक टाळण्यात अ‍ॅम्लोडिपिन इतर दोन औषधांच्या बरोबरीचं ठरलं. मात्र हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होण्याचं, म्हणजे हार्ट फेल्युअरचं प्रमाण क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या तुलनेत अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात जास्त दिसलं. म्हणूनच हृदय आधीच कमकुवत असलेल्या रुग्णाला ही गोळी देताना डॉक्टर जास्त विचार करतात.

काम कसं करते?

आपल्या धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो. स्नायूंच्या पेशींमध्ये कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, धमनी अरुंद होते आणि दाब वाढतो. अ‍ॅम्लोडिपिन कॅल्शियमची ही वाट अडवतं. स्नायू सैलावतात, धमनी रुंदावते, दाब उतरतो. याच गुणामुळे छातीत दुखण्याच्या, म्हणजे अंजायनाच्या काही रुग्णांनाही ते देतात.

'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' हे नाव वाचून काही जण दूध आणि नाचणी बंद करतात, तर काहींना हाडं ठिसूळ होण्याची भीती वाटते. या गोळीचा हाडांतल्या कॅल्शियमशी किंवा जेवणातल्या कॅल्शियमशी तसा संबंध नाही. भाकरी खा, दूध प्या.

संथ गोळी आणि तिचा चकवा

डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात काम करते, म्हणून बीपीच्या गोळीकडूनही लोक तीच अपेक्षा ठेवतात. अ‍ॅम्लोडिपिनचा स्वभाव वेगळा आहे. गोळी घेतल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण सर्वांत जास्त व्हायलाच ६ ते १२ तास लागतात. त्यातलं निम्मं औषध शरीराबाहेर जायला ३० ते ५० तास जातात. रोज एक गोळी घेत राहिलं, तर रक्तातली पातळी स्थिर व्हायला आठवडाभर लागतो. त्यामुळे गोळी सुरू करून तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नसतो.

थांबतानाही ती तशीच सावकाश उतरते. गोळी बंद केल्यावर दोन दिवसांनी शरीरात निम्म्याच्या आसपास औषध शिल्लक असतं. त्या दिवशी १३२/८४ हा आकडा दिसला तर तो त्या शिलकीचा आहे. पुढच्या आठवड्यात शिल्लक संपते आणि बीपी हळूहळू मूळ जागी परततो. तोवर घरात मोजणं थांबलेलं असतं, कारण 'बीपी गेला' असं ठरून झालेलं असतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून संशयही येत नाही. उच्च रक्तदाब बहुतेकांना कोणतीही जाणीव करून देत नाही. अनेकांना तो कळतो तो पक्षाघात झाल्यावर दवाखान्यात.

या संथपणाचा फायदाही आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. बारा तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल तर ती सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

मशिनवर १७० दिसलं म्हणून घाबरून जास्तीची अ‍ॅम्लोडिपिन घेणंही याच कारणानं निरुपयोगी आहे. तिचा परिणाम सुरू होईपर्यंत कित्येक तास जातात आणि मग दुसऱ्या दिवशी बीपी गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. पूर्वी अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवत. त्यानं दाब इतका झपाट्यानं पडायचा की काहींना त्यातूनच पक्षाघात किंवा हार्ट अटॅक आला. ती पद्धत धोक्याची ठरून मागे पडली, पण 'जिभेखाली ठेवायची ती गोळी द्या' असं मेडिकलच्या दुकानात मागणारे अजून भेटतात.

सकाळी घ्यावी की रात्री, यावर सोशल मीडियावर बरीच भांडणं होतात. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या 'टाइम' अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला. बीपीच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा आठवण राहील ती वेळ धरावी. दात घासल्यावर, पहिल्या चहाआधी, काहीही चालेल. पोट रिकामं की भरलेलं यानंही फरक पडत नाही.

सूज नेमकी कशाची?

आता मूळ प्रश्न. आपल्या पायांतलं रक्त धमन्यांतून येतं, अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून जातं आणि शिरांतून वर परततं. अ‍ॅम्लोडिपिन येण्याची वाट रुंद करतं, परतीची वाट मात्र होती तशीच ठेवते. मधल्या केशवाहिन्यांत गर्दी होते, तिथला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी भिंतींतून बाहेर पाझरून आजूबाजूला साचतं. गुरुत्वाकर्षणामुळे ते घोट्याशी जमतं. म्हणून सकाळी पाय बरे असतात आणि दिवसभर उभं राहिल्यावर किंवा एसटीत पाय खाली सोडून पाच तास बसल्यावर सुजतात.

यात शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं. असलेलं पाणी चुकीच्या जागी गेलेलं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अशा सुजेवर लघवी वाढवणारी गोळी फारशी चालत नाही. तरीही ती पुष्कळदा दिली जाते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की या प्रकारची गोळी नव्यानं सुरू झालेल्या वृद्धांना पुढच्या ९० दिवसांत लघवीचं औषध लिहून मिळण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होतं. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरी गोळी सुरू होते. दुसरीमुळे सोडियम-पोटॅशियम घटतं, रात्री तीनदा उठावं लागतं, अंधारात आजी बाथरूमपाशी पडतात. मूळ कारण मात्र पहिल्या चिठ्ठीत तसंच राहतं.

सूज किती जणांना येते? ते डोसवर ठरतं. औषधाच्या मूळ माहितीपत्रकातल्या चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ०.६ टक्के लोकांना सूज आली. २.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण १.८ टक्के, ५ मिलिग्रॅमला ३ टक्के आणि १० मिलिग्रॅमला १०.८ टक्के होतं. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसलं. पाच आणि दहा यांतली उडी लक्षात घ्या. डोस दुप्पट केला की बीपी दुपटीनं उतरत नाही, पण सूज तिपटीहून अधिक वाढते.

मग करायचं काय? उपाय बहुधा चिठ्ठीतच असतो, फक्त तो डॉक्टरांनी करायचा असतो. डोस दहावरून पाचवर आणून सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी देता येते. हा गट परतीच्या शिरांनाही सैल करतो, त्यामुळे केशवाहिन्यांतली गर्दी घटते आणि बीपीही जास्त चांगला उतरतो. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे इतक्या खपतात, त्यामागे हेही एक कारण आहे. काहींना वेगळ्या गटाची गोळी देतात. तोवर बसताना पाय स्टुलावर ठेवणं आणि फार वेळ एका जागी उभं न राहणं याचा उपयोग होतो.

सुजेचं खापर प्रत्येक वेळी गोळीवर फोडता येत नाही, हेही तितकंच खरं. गोळीची सूज सहसा दोन्ही पायांना, घोट्याभोवती असते आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत येते. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं किंवा गरम लागणं हे रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर किडनी तपासावी लागते. आडवं झाल्यावर दम लागत असेल, वजन चार दिवसांत दोन-तीन किलोंनी वाढलं असेल तर हृदयाकडे पाहावं लागतं. या तिन्हींत वाट पाहायची नाही.

किडनीचं काय?

अ‍ॅम्लोडिपिनचं विघटन मुख्यतः यकृतात होतं. किडनीचा आजार असलेल्यांनाही त्याचा डोस सहसा बदलावा लागत नाही आणि डायलिसिसवरच्या कित्येक रुग्णांना तेच दिलेलं असतं. किडनी खराब करण्यात मधुमेहाच्या खालोखाल मोठा हात आहे तो उच्च रक्तदाबाचा. वर्षानुवर्षं बीपी चढलेला राहिला की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात. बीपीचा रुग्ण आणि किडनीचा रुग्ण हा एकच माणूस असल्याचं लोक पाहतात आणि दोष मधल्या गोळीला देतात. खरी काळजी घ्यायची असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावं.

बाकीचे त्रास

पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहरा गरम होणं, डोकं जड होणं, धडधडणं, थोडं गरगरणं असे त्रास होतात. तेही धमन्या रुंदावल्यामुळेच, आणि बहुधा आपोआप कमी होतात. वृद्धांनी पलंगावरून झटकन उठू नये, आधी कडेला मिनिटभर बसावं. काहींना थकवा येतो किंवा मळमळतं.

एक त्रास मात्र गोळीशी जोडला जातच नाही: हिरड्या वाढणं. हिरड्या फुगून दातांवर चढतात, ब्रश करताना रक्त येतं. हे थोड्या जणांनाच होतं, पण होतं तेव्हा माणूस दातांच्या डॉक्टरांकडे चकरा मारत राहतो आणि बीपीची गोळी चालू असल्याचं सांगतच नाही. दातांचे डॉक्टर कोणती औषधं चालू आहेत असं विचारतात ते उगीच नाही.

ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजणं, अंगभर पित्त उठणं, किंवा गोळी सुरू केल्यावर छातीतलं दुखणं वाढणं हे क्वचित घडतं. घडलं तर तातडीनं रुग्णालय गाठावं.

पाकिटावरची अक्षरं

पाकिटावर 'अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेट' लिहिलेलं असतं. बेसिलेट हा मूळ औषधाला जोडलेला क्षार आहे. सुरुवातीला कंपनीनं मॅलिएट नावाचा क्षार वापरला होता, पण त्याचं मिश्रण गोळ्या पाडणाऱ्या यंत्राला चिकटायचं, म्हणून बेसिलेट आलं. रुग्णाच्या दृष्टीनं त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

काळजी करायची ती 'एस' या अक्षराची. भारतात एस-अ‍ॅम्लोडिपिन नावाची गोळीही मिळते. साध्या अ‍ॅम्लोडिपिनमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दोन रेणू निम्मे-निम्मे असतात आणि बीपी उतरवण्याचं काम त्यातला एकच करतो. एस-अ‍ॅम्लोडिपिनमध्ये फक्त तो कामाचा अर्धा भाग असतो. त्यामुळे एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ म्हणजे साधं अ‍ॅम्लोडिपिन ५. दुकानदारानं 'तीच आहे, कंपनी वेगळी' म्हणून एस ५ ऐवजी साधी ५ दिली तर डोस निम्मा होतो. उलट झालं तर दुप्पट. पाकीट बदललं की नाव आणि आकडा दोन्ही जुन्या पाकिटाशी ताडून पाहावेत.

ब्रँडच्या नावापुढची अक्षरंही वाचावीत. 'एएम' असेल तर बहुधा दुसऱ्या औषधात अ‍ॅम्लोडिपिन मिसळलेलं असतं, 'एच' म्हणजे लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, 'एटी' म्हणजे अटेनोलॉल. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर दोन वेगळ्या नावांखाली अ‍ॅम्लोडिपिन दोनदा पोटात जाऊ शकतं. अटेनोलॉल असलेली गोळी दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकते आणि ती एकाएकी बंद करणं हृदयासाठी धोक्याचं असतं. शेजाऱ्याची गोळी 'बीपीचीच तर आहे' म्हणून घेऊ नये, ते यासाठीच.

कशासोबत जपून?

कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर या गोळीसोबत त्याचा डोस दिवसाला २० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, नाहीतर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरची काही औषधं अ‍ॅम्लोडिपिनचं विघटन रोखतात, मग बीपी एकदम उतरू शकतो. सिल्डेनाफिल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना संकोच न करता सांगावं, दोन्ही मिळून दाब आणखी पाडतात.

आपल्याकडे जास्त घोळ होतो तो अंगदुखीच्या गोळ्यांनी. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर शरीरात मीठ-पाणी धरून राहतं, बीपी वाढतो आणि पायही सुजतात. मग डोस वाढतो तो बीपीच्या गोळीचा.

माहितीपत्रकांत ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलेलं असतं. ते फळ आपल्याकडे फारसं खात नाहीत, पण पपनस त्याच्याच कुळातलं आहे. रोज पेलाभर पपनसाचा रस पिणाऱ्यांनी विचारून घ्यावं. नागपुरी संत्री आणि मोसंबी यांची ही अडचण नाही. टेल्मिसार्टन सोबत असेल तर मात्र पोटॅशियम असलेलं 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

कुणी आधी सांगायला हवं?

दिवस गेलेले असतील किंवा मूल हवं असेल तर. गरोदरपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांचा अनुभव जास्त असल्यानं डॉक्टर सहसा त्यांकडे वळतात. एकत्र गोळीत टेल्मिसार्टन असेल तर ते गर्भाला गंभीर इजा करू शकतं, म्हणून हे सांगायला उशीर करू नये. यकृताचा आजार असेल, हृदयाची महाधमनीची झडप अरुंद असेल तरीही आधी सांगावं. वृद्धांना आणि यकृत कमकुवत असलेल्यांना बऱ्याचदा २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात.

घरात लहान मूल असेल तर पाकीट फ्रिजवर किंवा उशीखाली ठेवू नका. या गोळ्या रंगीत नसल्या तरी दोन वर्षांच्या मुलाला त्या गोड गोळ्याच वाटतात. एक-दोन गोळ्या गिळल्याचा नुसता संशय असेल तरी मूल खेळतंय म्हणून थांबू नये. परिणाम उशिरा दिसतो आणि दिसायला लागल्यावर बराच वेळ टिकतो. सरळ रुग्णालय, गरज पडली तर १०८, आणि पाकीट सोबत. मोठ्या माणसानं चुकून बऱ्याच गोळ्या घेतल्या तरी हेच.

आणि गोळी कधी बंद होते का?

काहींची होते. दहा-बारा किलो वजन उतरलं, लोणचं-पापड-फरसाण कमी झालं, दारू सुटली, चालणं नियमित झालं, तर बीपी इतका खाली येतो की डॉक्टर डोस कमी करतात आणि क्वचित पूर्ण थांबवतात. त्यासाठी त्यांना आकडे लागतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून घेतलेली मोजमापं वहीत लिहून न्यावीत. घरचा सरासरी आकडा १३५/८५ च्या खाली टिकला असेल तर बोलणं सुरू करायला ती वही पुरते. डोस कमी झाल्यावरही निदान महिनाभर वही चालू ठेवावी, कारण अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून जायला वेळ घेतं आणि खरा आकडा त्यानंतरच दिसतो.